अमानतीवरचं नाव

सिडको, ४ ऑगस्ट २०२५

दाऊद,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. आमच्या भागातल्या पोस्टातला डिंक वाळला आहे. त्याला उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे तडे गेले आहेत आणि त्या तड्यांत एक मुंगी सहकुटुंब राहते. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, मॅडम, पाकीट चिकटवायचं कसं? त्या म्हणाल्या, "काका, चिकटवता कशाला? व्हॉट्सॲप करा ना." ज्या माणसानं सात वर्षांपूर्वी आपल्याला ब्लॉक केलं त्याला व्हॉट्सॲप कसं करावं, याचा फलक पोस्टात कुठंही लावलेला नाही. शेवटी घरी येऊन शितानं पाकीट बंद केलं. भात उरलेलाच होता. एका माणसाचा भात किती लावायचा याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

पत्त्याचीही पंचाईत. शहराचं कुठलं नाव लिहावं? एक लिहिलं तर तुला राग, दुसरं लिहिलं तर पोस्टमनला. म्हणून नुसता पिनकोड टाकला. पिनकोडचं नामांतर करावं असं अजून कुणाला सुचलेलं नाही.

माझ्या दारापासून तुझं शहागंजचं घर सहा किलोमीटर आणि गुलमंडीतलं तुझं दुकान साडेपाच. तरी पत्र लिहितोय, कारण पत्राच्या तोंडावर दार लावता येत नाही. फाडता येतं. ती सोय तुझ्याकडं आहे.

तर मुद्दा. सलोखा समिती परत आली होती. अध्यक्षा त्याच, रूपाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, त्यांना माझा 'अमानत' लेख नाटुकलं करून शाळांतून दाखवायचाय. आणि संध्याकाळी मोठ्या स्टेजवर खरी देग खऱ्या वारसांना परत करायची. वारस म्हणजे तुझी आत्या, जहांआराफुफी. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला खुर्चीसकट स्टेजवर चढवायची व्यवस्था झाली आहे.

तुला माहीत आहे तेच आता परत लिहितो, कारण आज मी ते कसं लिहितो हे मला बघायचंय.

लेखात मी लिहिलं होतं की अठ्ठेचाळीस साली लढाई संपली, रझाकार गेले, आणि सूड सुरू झाला. तेव्हा लासूर स्टेशनपासून चार कोसांवरच्या आमच्या गावातून तुझे आजोबा मुनीबमियां बायकापोरं घेऊन रातोरात निघाले. निघताना त्यांनी आपली तांब्याची देग माझ्या आजोबांच्या, बन्सीआबांच्या, हवाली केली. तीच देग, जिच्यात गावातल्या सगळ्या जातींच्या लग्नांचं शिजायचं. 'अमानत' म्हणून, परत येईपर्यंत सांभाळायची ठेव. आबांनी ती जपली. वाचक रडले. 'उलटी चप्पल' या माझ्या सदरात लोक एरवी नुसते हसतात, त्यामुळं रडण्याचा परिणाम फार झाला. पुरस्कार मिळाला. समितीनं गावाकडून देग आणून स्टेजवर ठेवली, आणि तुला दुसऱ्या बाजूचा म्हणून माझ्या शेजारी उभं केलं.

तू भांड्यांवर नावं घालणारा माणूस. भांडं दिसलं की तुझा हात आधी काठाखाली जातो. तसा गेला. मग शाल गळ्यात असतानाच तू माझ्या कानात म्हणालास, "इंद्र्या, अमानतीवर कुणी आपलं नाव घालतं काय रे?" आणि उतरून गेलास.

नाव मागच्या बाजूला होतं. 'बन्सी राघोजी, सन १९४९.' फोटोत आलं नाही. फोटोग्राफरनं देग तशी ठेवली होती.

समितीला मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. काय म्हणू, ते तू सांग.

इंद्रजीत


सिडको, २१ ऑगस्ट २०२५

दाऊद,

उत्तर नाही. शीत सुटलं असेल.

मधे गावी जाऊन आलो. उद्या पोळा, त्यामुळं लासूर स्टेशनच्या बाजारात झुली, गोंडे, शिंगांचे रंग. आमच्या घरी आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. आई त्यालाच ओवाळते. माझा चुलतभाऊ त्याच्या बॉनेटवर पुरणपोळी ठेवतो आणि दर वर्षी ती कुत्रा खातो.

आईला म्हटलं, देगीचं खरं काय ते सांग. आई आता एक्क्याऐंशीची. ती या घरात बासष्ट साली आली, म्हणजे तिनं काहीच बघितलेलं नाही. पण आमच्या या द्वारकाबाईंना न बघितलेलं जास्त लक्षात राहतं.

"काय खरं? देग आपली हाय. नाव हाय तिच्यावर."

"आई, तांबट गावात आला, आधीचं नाव ठोकून सपाट केलं, आणि वर आबांचं घातलं. मी गव्हाचं पीठ चोळून बघितलं. खालचे ठिपके वर येतात."

"तुला लई पीठ सापडतंय. भाकरी करायला येत नाय ते?"

मग तिनं हातातली सुपली खाली ठेवली. "ने. न्यायची तर ने देग. पर आधी मला येक सांग. आमचा गोकुळ कुणी आणून देनार हाय का?"

गोकुळ म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. अठ्ठेचाळीसच्या आषाढात गंगापूरच्या रस्त्यावर रझाकारांनी मारला. वय अठरा. प्रेत मिळालं नाही, फक्त पागोटं मिळालं. मी लेखात त्याला एक वाक्य दिलं होतं, तेही गौण वाक्य होतं.

म्हटलं, "तू त्यांना बघितलं पण नाहीस."

"नाय बघितलं. साठ वर्सं त्यांचं पान वाढलंय म्या. पितरपाठात चौदसीला, हत्यारानं गेल्यालं म्हून. तुझ्या आबांनी देग आनली ती बी त्याच वर्सी. तवा त्यांच्या डोक्यात काय चाललं आसंल, तुला पेपरात बसून कळतंय व्हय?"

नाही कळत. मी विचारलं, "मग हारिसला विहिरीवर कुणी मारलं? आबा होते का तिथं?"

हारिस तुझ्या वडलांचा थोरला भाऊ, त्या सूडाच्या दिवसांत मारला गेलेला. त्याला मी लेखात अजिबात घेतलं नव्हतं. त्याच्यामुळं गोष्टीची लय बिघडत होती.

आई म्हणाली, "मला काय ठावं. मी आले तवा हीर बुजवलेली व्हती." आणि उठून आत गेली. जेवायला वाढलं, पण माझ्याकडं न बघता.

आबा देग न्यायला मुनीबमियांच्या रिकाम्या घरात गेले होते, हे आता नक्की. विहिरीवर होते की नव्हते हे मला माहीत नाही. 'माहीत नाही' हे वाक्य किती मऊ असतं हे मात्र मला माहीत आहे. सात वर्षं त्यावर बसलोय.

परतीच्या गाडीत एक बाई शेजारच्या पोराला विचारत होती, "घरी कोन कोन हाय?" तिनं मलाही विचारलं. मी म्हटलं, भरपूर लोक आहेत. प्रेरणाला जाऊन चार वर्षं झाली, लेक श्रेया पुण्यात असते, आणि भरपूर लोक आहेत. प्रेरणाच्या दहाव्याला कुणीतरी गेटवर चहापत्तीची पुडी ठेवून गेलं होतं, गुलमंडीतल्या त्या दुकानाची, आपण कॉलेजात असताना जिथून घ्यायचो. ती तू ठेवलीस असं मी धरून चालतो. विचारणार नाही. नाही म्हणालास तर पुडी परक्याची होईल.

इंद्रजीत


सिडको, ९ सप्टेंबर २०२५

दाऊद,

समितीच्या बैठकीला गेलो. वृत्तांत देतो. तू असतास तर टेबलाखालून मला लाथ मारली असतीस.

नाटुकलं बसवणारा धम्मपाल नावाचा तरुण शिक्षक आहे, बरा मुलगा. त्यानं पुठ्ठ्याची देग केली आहे आणि तिला सोनेरी कागद लावलाय. रूपाताई म्हणाल्या, "इंद्रजीतजी, कार्यक्रम साडेसहाला. तुम्ही देग द्यायची. आजीबाईंनी फक्त दोन शब्द बोलायचे. 'आम्ही माफ केलं.' पाठ करून घेऊ आपण."

"माफ कशाबद्दल?"

"अहो, म्हणजे एकूणच. तपशिलात नको जायला."

"ताई, देग जपली असेल तर माफी कशाची? आणि माफी असेल तर जपली कशी?"

रूपाताई माझ्याकडं वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडं बघावं तशा बघत राहिल्या. मग समजुतीनं म्हणाल्या, "ते ऐकायला बरं वाटतं हो." त्यांनी ते वाईट मनानं म्हटलं नाही, हीच अडचण आहे. सगळ्या शहरात मला वाईट मनाचा एक माणूस सापडेना, ज्याच्यावर हे ढकलून घरी जाता येईल.

धम्मपालनं मात्र हळूच विचारलं, "सर, त्या आजींना कुणी विचारलंय का, यायचंय का म्हणून?" सगळे चहा प्यायला लागले.

मी सांगितलं की लेख खोटा आहे. देग लुटीची आहे. नाटक करू नका. रूपाताई म्हणाल्या, पत्रिका छापून झाल्यात. शेवटी कार्यक्रम होणार, माझ्याशिवाय. पुठ्ठ्याची देग खऱ्या देगीपेक्षा जास्त चमकते, त्यामुळं कुणाचं अडणार नाही.

पेपरकडं दुरुस्ती पाठवली. तीनशे शब्द, एकही विनोद नाही. संपादक म्हणाले, अरे, लोकांना त्या लेखानं किती आधार दिला, आता काढून घेतोस? त्यांनी ती छापली खरी, कापून एकशे दहा शब्दांची करून, आतल्या पानावर, 'हरवले-सापडले'च्या खाली. वर एक हरवलेली गुणपत्रिका आणि एक सापडलेली बकरी. पेपरानं इतकी अचूक जागा मला आजवर कधी दिली नव्हती. गावाकडून चुलतभावाचा फोन आला. "दादा, तू आबांला चोर म्हनलास." मी म्हटलं, हो. त्यानं फोन ठेवला. आईनं तर घेतलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी कामवाल्या आवडाबाईंशी वांग्याच्या भावावर पंचवीस मिनिटं बोललो. त्यांनी शेवटी विचारलं, "साहेब, तब्येत बरी हाय नं?"

एकशे दहा शब्दांत एक गोष्ट बसली नाही. तीनशेतही मी ती घातली नव्हती. ती तुलाच सांगायची आहे.

फोटोग्राफरनं देग फिरवली नव्हती. तो यायच्या आधी देग नाव पुढं करून उभी होती. हॉलमध्ये अजून कुणी नव्हतं. मी वाकून, दोन्ही कड्या धरून, ती अर्धी फिरवली. जड होती. दोनदा दम घेतला. म्हणजे लेख लिहितानाच मला ते नाव माहीत होतं, दाऊद. आबांनी देग एकदा नेली. मी ती तुझ्यादेखत, टाळ्यांच्या गजरात, पुन्हा नेली.

सतरा तारखेला, कार्यक्रमाच्या वेळी, मी देग शहागंजला घेऊन येतोय. टेंपोवाला ती गावाहून उचलून आणेल, आईच्या त्या 'ने'च्या भरवशावर. स्टेज नाही, फोटो नाही. फुफींना चालणार नसेल तर दार उघडू नका. टेंपोवाल्याला परतीचंही भाडं सांगून ठेवतो.

इंद्रजीत


सिडको, १८ सप्टेंबर २०२५

दाऊद,

दार उघडलं, हे तुला माहीत आहे. तू घरी नव्हतास असं तुझी मुलगी गजाला म्हणाली. आतल्या पडद्याखाली तुझ्या चपला दिसत होत्या. डाव्या अंगठ्याचा पट्टा तू अजून सुतळीनं बांधतोस. पडद्यामागून तू ऐकलंस की नाही मला ठाऊक नाही, म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो.

देग जिना चढवून आत आणायला टेंपोवाला, मी आणि गजाला. दारातून आत येईना. तिरकी केली तेव्हा आली. फुफी बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी देगीकडं काठापासून बुडापर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "छोटी दिसते. मी आत उभी राहायची हिच्या. डोकं बाहेर नाय यायचं."

मी पाठ करून आलो होतो. रूपाताईंना हसलो होतो ना, मीच पाठ करून आलो होतो. म्हटलं, "फुफी, हे माझ्या आजोबांनी तुमच्या घरातून उचलून नेलं. ठेवायला दिलेलं नव्हतं. मी त्यावर खोटं लिहिलं आणि बक्षीस घेतलं. नाव पुसून देतो. दाऊदला सांगा, नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून..."

"पुसू नको."

"पण ते आमचं..."

"म्हणून तर. पुसलं की उद्या कुणी म्हणंल, बघा, जपून ठेवली होती. राहू दे बन्सीचं नाव. ज्यानं नेली त्याचं नाव हाय. बरोबर हाय."

मग त्या म्हणाल्या, "बैठ." मी बसलो. "वो लोगां बुला रहे थे मेरे को. स्टेजवर. म्हणे माफ केलं म्हणा. मी विचारलं, कुणाला? बन्सी मेला. ज्यांनी हारिसभाईला विहिरीवर नेलं ते मेले. तुला माफ करू? तू तर पैदा बी नव्हता."

मी म्हटलं, "लेख मी लिहिला होता."

"वो दाऊद का मामला है. तो बघंल."

पडद्यामागं काही हललं नाही.

गजालानं पाणी आणलं. फुफी एकदम म्हणाल्या, "तुमच्याकडचा एक गेला होता. गोकुळ."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हटलं, "तुम्हाला आठवतो?"

"रोज यायचा आमच्या ओट्यावर. हारिसभाई आणि तो पत्ते खेळायचे. हरला की गोकुळ मला चिंचा द्यायचा, म्हणायचा, बघू नको माझे पत्ते, जा तिकडं." मग म्हणाल्या, "मी खोटं नाय बोलणार. हारिसभाईंनी रझाकारांची खाकी घातली होती. चार महिने. गोकुळला धरून नेलं ती खबर आमच्याकडं दुपारीच आली होती. अब्बा बोले, जा, तेरे लोगां हैं, बोल उनको. तो नाय गेला. घाबरला. कोठीच्या खोलीत बसून रडत होता. मी बघितलं. हे मी कुणाला सांगितलं नाय. दाऊदला बी नाय."

बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर सतरा सप्टेंबरच्या भाषणाचं थेट प्रक्षेपण चाललं होतं. टाळ्या ऐकू येत होत्या. बहुधा पुठ्ठ्याची देग परत केली गेली असावी.

मी निघालो तेव्हा फुफींनी देगीच्या काठावरून हात फिरवला आणि विचारलं, "झाकण?"

झाकणाचा मी विचारच केला नव्हता. दाऊद, जन्मभर या देगीची गोष्ट सांगत आलो आणि तिला झाकण असेल हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. फुफी म्हणाल्या, "झाकण होतं. अम्मी त्याच्यावर निखारे ठेवायची."

जिना उतरताना मी एकदा मागं वळून बघितलं. पडदा तसाच होता. चपला नव्हत्या.

इंद्रजीत


सिडको, २६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

दाऊद,

वीस तारखेला चतुर्दशी होती. मी न कळवता गावी गेलो. आई ओसरीवर होती. म्हणाली, "आलास? कुनाला काय देऊन टाकायचं ऱ्हायलंय आजून?"

मी फुफी बोलल्या ते सगळं सांगितलं. ओटा, पत्ते, चिंचा. खाकीही सांगितली आणि कोठीतलं रडणंही. माझ्या नेहमीच्या सवयीनं लय बघून काही गाळलं नाही. आई मधे एकदाच बोलली.

"चिंचा द्यायचा म्हनली?"

"हो."

"आपल्याच चिंचंच्या आसतील. मागल्या अंगणातल्या." मग उठता उठता म्हणाली, "साठ वर्सांत ह्या घरात त्यांची येक गोस्ट कुनी सांगितली नाय मला. निस्तं मेले, येवढंच."

स्वयंपाक झाला. आईनं गोकुळचं पान वाढलं. मग त्याच्या शेजारी दुसरं मांडलं. भात, वरण, आमटी, वडा, सगळं दोन्हीकडं सारखं. चुलतभाऊ दारात उभा होता. त्यानं विचारलं, "काकी, हे कुनाचं?"

"गप बस. येकटं जेवायचा कटाळा येत आसंल मानसाला."

तो माझ्याकडं रागानं बघत निघून गेला. अजून बोलत नाही. बोलेल असंही वाटत नाही, आणि तो चूक आहे असंही मला वाटत नाही. त्याचेही ते आबाच होते.

दुपारी मी विचारलं, देगीला झाकण होतं का. आईनं हातानं मागच्या खोलीकडं दाखवलं. धान्याची कोठी आहे ना, जिच्यावर मी लहानपणी चढून बसायचो, तिच्या तोंडावर ते आहे. काळं, कडेला पोचे आलेलं. म्हणजे मी त्याच्यावरच बसायचो. मी काढायला गेलो तर आई म्हणाली, "थांब. आसं देत्यात व्हय कुनाला?" आणि एक्क्याऐंशी वर्षांची ती बाई चिंच आणि मीठ घेऊन संध्याकाळपर्यंत घासत बसली. मला हात लावू दिला नाही.

तांबं लाल झालं तेव्हा आतल्या बाजूला नाव दिसलं. ठिपक्यांचं, उजवीकडून डावीकडं जाणारं. आबांना झाकणावर नाव घालायचं राहून गेलं होतं. मला वाचता येत नाही, पण तुझा हात आधी तिथंच जाईल.

कोठीवर आईनं आता पाट ठेवलाय.

आज दुपारी गुलमंडीत आलो होतो. तुझ्या दुकानाचं शटर निम्मं खाली, तू नमाजला गेला असशील. ती वेळ साधूनच आलो, हेही कबूल करतो. नाव घालायची मशीन फडक्याखाली झाकलेली होती, आणि स्टुलावर कुणाच्या तरी लग्नाची ताटं. झाकण त्या ताटांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलं, आतली बाजू पुढं करून. शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, "भाईंना काय सांगू?" मी म्हटलं, काही नको, त्यांचंच आहे.

चहा घेतला. दोन सांगितले होते, सवयीनं. दुसरा थोडा वेळ समोर तसाच राहू दिला, मग चहावाल्याला म्हटलं, झाकून ठेव.

इंद्रजीत